पाच गुणांचा निरोप समारंभ

श्री. धनेश तळवडेकर यांनी नोकरी बदलली. माणसे नोकरी बदलतात. या घटनेत स्वतःहून असे काहीही नव्हते की ज्यामुळे एक उपसमिती, तीन परिपत्रके आणि नव्वद दिवसांची मुदत यांची गरज पडावी. तरीही ती पडली. ती कशी पडली, याची हकिगत घडली तशी नोंदवून ठेवणे इष्ट आहे.

गिरगावातील ‘सौजन्य संवर्धक मंडळ’ ही जुनी संस्था. समाजात परस्परांविषयी आदर वाढावा म्हणून ती शाळाशाळांतून व्याख्याने करते, डिसेंबरात सौजन्य सप्ताह भरवते आणि बसमध्ये वृद्धांना जागा देणाऱ्या विद्यार्थ्यांना पदक देते. तळवडेकर तिथे अकरा वर्षे पत्रलेखक होते. मंडळाची पत्रे, अहवाल, मानपत्रे, शोकसंदेश आणि कार्यवाह श्री. हेमचंद्र सबनीस यांची सर्व भाषणे तेच लिहीत. सबनीस सर ती भाषणे फार सुंदर वाचत. कुठे थांबायचे आणि कुठे चष्मा पुसायचा, याच्या खुणाही तळवडेकरांनी कंसात दिलेल्या असत.

सौजन्य हा सबनीस सरांचा व्याख्यानाचा विषय होता, आणि कार्यालयात व्याख्यान नसे. तळवडेकरांनी मसुदा पुढे ठेवला की सर मान वर न करता “ठेवा तिथे” म्हणत. क्वचित मान वर झालीच, तर “यात काय विशेष?” एवढे विचारत. अकरा वर्षांत या दोन वाक्यांत तिसऱ्याची भर पडली ती राजीनाम्याच्या दिवशी. तो कागद सरांनी न वाचता ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाले, “तुमच्या जागी कोणीही येईल, आणि कोणी नाही आलं तरी कळणार नाही.”

एक ऑक्टोबरला तळवडेकर परळच्या एका औषध कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात रुजू झाले. तिथल्या अधिकारी सुचित्रा मॅडम नियमाने चालणाऱ्या होत्या. आधीच्या नोकरीतून कार्यमुक्त झाल्याचे पत्र नव्वद दिवसांत, म्हणजे एकोणतीस डिसेंबरला सायंकाळी पाचपर्यंत आणावे, अन्यथा नेमणूक आपोआप रद्द होईल, असे त्यांनी नेमणूकपत्रातच दाखवले. पहिल्याच आठवड्यात तळवडेकरांनी लिहिलेले एक पत्र वाचून त्या म्हणाल्या, “छान लिहिलंय.” तळवडेकर जागेवर परत आले आणि त्यांनी ते पत्र चार वेळा तपासले. चूक सापडली नाही. दुपारपर्यंत त्यांचे दुसऱ्या कामात लक्ष लागले नाही.

कार्यमुक्तीचे पत्र मागायला ते शनिवारी गिरगावात गेले, तेव्हा त्यांना कलम सतरा-ब दाखवण्यात आले. पूर्वी केव्हातरी मंडळातली एक टंकलेखिका कोणाला न सांगता लग्न करून इंदूरला निघून गेली होती. संस्थापकांना त्याचे अतिशय वाईट वाटले आणि त्यांनी ठराव केला की, ‘निरोप समारंभ यथोचित पार पडल्याखेरीज कोणताही कर्मचारी कार्यमुक्त समजला जाणार नाही. समारंभात कार्यवाहांनी कर्मचाऱ्याच्या किमान पाच गुणांचा उल्लेख करावा व त्याची इतिवृत्तात नोंद व्हावी.’

अडचण पाच गुणांची होती. सबनीस सरांनी तळवडेकरांचे अकरा वार्षिक अहवाल मागवले. ‘विशेष गुण’ या रकान्यात अकराही ठिकाणी रेघ होती. ती पट्टीने मारलेली होती आणि खाली सरांचीच सही होती.

“माझा नाइलाज आहे,” सर म्हणाले. “खोटं बोलून मी कोणाला निरोप देणार नाही. मंडळाच्या तत्त्वात बसत नाही.”

परिपत्रक क्रमांक एकने ‘गुणशोध उपसमिती’ स्थापन झाली. अध्यक्ष सबनीस सर, सचिव हेडक्लार्क दत्ताराम पेडणेकर. दत्ताराम आणि तळवडेकर अकरा वर्षे एका टेबलावर डबा खात आले होते. पण उपसमितीच्या कामकाजात व्यक्तिगत माहितीचा वापर करू नये, असे परिपत्रक क्रमांक दोनने स्पष्ट केले. तळवडेकरांनी स्वतःचे गुण विहित नमुन्यात, तीन प्रतींत, पुराव्यासह सादर करावेत असे ठरले.

तळवडेकरांनी दोन शनिवार खर्चून अर्ज भरला. तो शेऱ्यांसह परत आला. नियमितपणा: ‘हा गुण नसून सेवाशर्त आहे.’ नम्रता: ‘असती तर अर्जात लिहिली नसती.’ प्रामाणिकपणा: ‘विरुद्ध पुरावा अद्याप मिळालेला नाही, इतकेच म्हणता येईल.’ सुवाच्य अक्षर: ‘संगणक आल्यापासून गैरलागू.’ भाषणलेखन, एकूण भाषणे दोनशे बारा: ‘भाषणे कार्यवाहांची आहेत.’

त्यांची पत्नी अंबिका नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली आणि त्या खोलीच्या पुनर्विकासाची जाडजूड फाइल एकटीने सांभाळणारी. तिने शेरे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, “घराच्या कागदांना एवढे पुरावे लागले नव्हते हो. आणि त्या सरांना फोनवर ‘हो सर, हो सर’ काय करता? आता ते तुमचे कोण लागतात?”

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मात्र परिपत्रक क्रमांक तीनमध्ये आले. ज्याअर्थी श्री. तळवडेकर अद्याप कार्यमुक्त झालेले नाहीत, त्याअर्थी ते मंडळाचे कर्मचारी आहेत. सबब सौजन्य सप्ताहाची सात भाषणे त्यांनी नेहमीप्रमाणे लिहून द्यावीत. त्यांची जागा भरलेली नव्हती. कोणीही येईल असे सर म्हणाले होते, पण जाहिरातीचा मसुदा कोण लिहिणार, हे ठरत नव्हते. अखेर तोही तळवडेकरांनीच लिहिला.

पंधरा दिवस ते परळच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने सौजन्यावर लिहीत. सर फोन करून बदल सांगत. चौथ्या भाषणात श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे दत्तारामने कळवले. सरांनी त्याच संध्याकाळी फोन करून पाचव्यात अजून थोडे पाणी आणायला सांगितले.

याचा एक लाभ झाला. उपसमितीला गुण सापडले. सप्ताह संपल्यावर सबनीस सरांनी स्वतः यादी केली: बोलावल्यावर येतात, उलट उत्तर देत नाहीत, वेळी-अवेळी उपलब्ध असतात, मोबदला मागत नाहीत, गेल्यानंतरही उपयोगी पडतात. पाच भरले. पाचही नोकरी सोडल्यानंतरच्या काळातले होते, परंतु गुण कोणत्या काळातले असावेत याविषयी कलम मौन बाळगून होते. वीस डिसेंबर, शनिवार, ही तारीख ठरली.

शुक्रवारी सरांचा फोन आला. “उद्याचं माझं भाषण पाठवून द्या. तुमच्यावरचं. पाच मिनिटांचं करा, उगाच वाढवू नका.”

तळवडेकरांनी ते लिहिले. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचा गौरव लिहिताना माणसाची जी अवस्था होते, तिला मराठीत शब्द नाही. त्यांनी आपल्यासाठी दोन विशेषणे घातली, एक काढले. सवयीने चष्मा पुसण्याची जागाही दाखवली. मग स्वतःचे उत्तराचे भाषण लिहिले. त्यात सरांचे मार्गदर्शन, सरांचा आशीर्वाद आणि सरांच्या सावलीत घालवलेली वर्षे यांचा उल्लेख होता. अंबिकाने ते वाचले आणि भाकरी थापायला घेतली. भाकरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

समारंभाला एकेचाळीस माणसे होती. कार्यालयातली, मंडळाच्या दोन शाळांतली, आणि काही माजी, ज्यांना अशा ठिकाणी बोलावले की बरे वाटते. कार्यालयात चहा करणारी गंगुबाई दारात ट्रे घेऊन उभी होती. सबनीस सरांनी शाल पांघरवली, नारळ दिला, भाषण उत्तम वाचले, आणि योग्य जागी चष्मा पुसला. सभागृह हेलावले. इथवर सारे यथोचित चालले होते. पण कागद संपल्यावर सरांना उत्स्फूर्त बोलण्याची इच्छा झाली.

“तसं पाहिलं तर,” ते हसत म्हणाले, “यात काय विशेष? हे आपण सगळेच करतो. पण कलम आहे, म्हणून बोलावं लागतं.”

सभागृहात हशा पिकला. तळवडेकर उत्तरासाठी उठले. त्यांनी खिशातला कागद काढला, पाहिला, आणि घडी घालून परत खिशात ठेवला. त्यानंतर ते जे बोलले, ते शब्दशः असे:

“सर, तुम्ही आत्ता वाचलंत ते भाषण मी लिहिलं. गेल्या अकरा वर्षांतलं प्रत्येक मी लिहिलं. आपले शिपाई गुणाजी गेले, तेव्हा त्यांच्या घरी तुम्ही जे वाचलंत, तेही मीच लिहिलं होतं. ते वाचताना तुमचा आवाज खरोखर कापरा झाला होता. तुम्हाला माझं लिखाण आवडायचं, सर. मला ते कळायचं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, एवढंच. मला शाल नको होती. ‘बरं झालंय’ म्हणाला असतात तर मी बहुधा अजून इथंच असतो. मी इथं चांगलं काम केलं. ते कोणीही केलं नसतं. तुमच्या मार्गदर्शनाचे आभार मानायचं असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, पण ते मला मिळालं नाही, म्हणून मानत नाही. नमस्कार.”

मग टाळ्या पडल्या, आणि पडतच राहिल्या. मागच्या रांगेतले दोघे उभे राहिले. सबनीस सरांनीही टाळ्या वाजवल्या; भाषण संपले की ते टाळ्या वाजवत, आणि हे भाषण चालू असताना ते मोबाइलमध्ये सौजन्य सप्ताहाचे फोटो पाहत होते. नंतर वडे आले.

सोमवारी पत्र घ्यायला तळवडेकर गिरगावात गेले. पत्र तयार होते. त्यावर सही होती, शिक्का होता. ते मिळण्यापूर्वी फक्त समारंभाच्या इतिवृत्तावर सत्कारमूर्तीने ‘बरोबर आहे’ म्हणून सही करायची होती. इतिवृत्त दत्तारामने शुक्रवारीच टाइप करून ठेवले होते, कारण शनिवारी त्याला वड्यांची व्यवस्था पाहायची होती. त्यात लिहिले होते: ‘सत्कारास उत्तर देताना श्री. तळवडेकर यांना गहिवरून आले. मा. कार्यवाहांच्या मार्गदर्शनाबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली.’

“मी असं बोललो नाही, सर,” तळवडेकर म्हणाले.

एव्हाना ते काय बोलले हे सरांना इतरांकडून कळले होते. तरीही ते रागावले नाहीत. त्यांनी समजुतीच्या स्वरात विचारले, “अहो, बोलताना माणूस काहीही बोलतो. इतिवृत्तात, जे बोलायला हवं होतं ते लिहायचं असतं. सही करा, पत्र घ्या. तुमची नवी नोकरी पक्की होते, आमची फाइल बंद होते. कोणाचं काय बिघडलं?”

हे खरे होते. कोणाचेच काही बिघडत नव्हते. तळवडेकरांच्या हातात पेन होते, समोर पत्र होते, आणि मुदतीला सात दिवस उरले होते. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

“नाही करणार.”

“हा ताठा नवीन कंपनीत शिकलात वाटतं.”

“नाही, सर. आधीपासून होता. त्या रकान्यात तुम्ही रेघ मारलीत.”

सर प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे पुरते पाहत राहिले. मग त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. कलम बावीस: इतिवृत्तातील दुरुस्तीसाठी दोन साक्षीदारांच्या शाईच्या सह्या आवश्यक. “आणा दोन सह्या,” ते म्हणाले. “एकेचाळीस जण होते. टाळ्या तर मीही ऐकल्या.”

आठवडाभर तळवडेकर सह्यांसाठी फिरले. त्यांना कोणी उणा शब्द बोलले नाही, हे नोंदवले पाहिजे. चिंचपोकळीला दत्तारामच्या घरी त्यांना चहा झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. “धनेश, तू माझ्या काळजातलं बोललास रे,” दत्ताराम म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं मला हेच बोलायचं होतं. पण मी पडलो इतिवृत्त लिहिणारा. लिहिणाऱ्यानं साक्ष कशी द्यायची? आणि मार्चमध्ये मी रिटायर होतोय. मलाही समारंभ लागणार ना?”

शाळेतले शिक्षक शंतनु खोत यांनी टाळ्या वाजवल्या होत्या हे मान्य केले, परंतु त्या सर्वसाधारण स्वरूपाच्या होत्या, विशिष्ट विधानांना उद्देशून नव्हत्या, असे सांगितले. माजी मुख्याध्यापिका मृणालिनी बाई उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एक. त्या म्हणाल्या, “पाय आखडला होता म्हणून उठले.” हिशेब विभागातल्या राजेशने तर संपूर्ण भाषण मोबाइलवर टिपले होते आणि ‘सौजन्य (सरांशिवाय)’ या गटावर टाकले होते. त्याला एकोणतीस अंगठे आणि अकरा बदाम मिळाले. मग कोणीतरी आठवण करून दिली की सरांचा पुतण्याही या गटात आहे. राजेशने चित्रफीत काढून टाकली आणि त्या जागी सुप्रभात टाकले.

सही केली ती गंगुबाईने. तिने भांडी विसळता विसळता कागद वाचून घेतला, हात पुसले आणि विचारले, “असंच बोललात ना तुम्ही? मग खोटं काय त्यात? द्या हिकडं.” मोठ्या अक्षरांत सही केली. सबनीस सरांनी हरकत घेतली की गंगुबाई दारात होती, खुर्चीवर नव्हती. तिला उपस्थित म्हणता येणार नाही. तळवडेकरांनी हजेरीपट मागवला, त्या दिवशीची तिची सही दाखवली, आणि चहा कोणी दिला असे विचारले. सरांनी थोडा वेळ चहा आपोआप आला असण्याची शक्यता तपासली. मग मान्य केले. एक सही झाली.

शनिवारी दुपारी, मंडळाच्या पायऱ्या उतरता उतरता, तळवडेकरांनी अंबिकाला फोन करून सांगितले की दुसरी सही काही मिळत नाही. अंबिका म्हणाली, “न मिळू दे. त्या खोट्या कागदावर सही करून घरी आलात तर मात्र जेवण मिळणार नाही.” मग तिने विचारले की त्या कलमाला खाली बारीक अक्षरांत काही लिहिले आहे का, तिच्या अनुभवानुसार खरे कलम तिथेच असते.

होते. तळवडेकर परत वर गेले आणि दोघांनी, म्हणजे त्यांनी व सबनीस सरांनी, भिंगातून ते वाचले. ‘साक्षीदार म्हणजे समारंभास उपस्थित असलेली व्यक्ती, अथवा ज्या व्यक्तीपर्यंत सदर भाषण कोणत्याही मार्गाने शब्दशः पोहोचले आहे अशी कोणतीही सुज्ञ व्यक्ती.’

भाषण वर शब्दशः दिले आहे. ते वाचताना आपण मान डोलावली असेल, ‘बरा बोलला’ असेही मनात म्हटले असेल. अशा मनातल्या गोष्टींची कलम बावीस दखल घेत नाही. शाईची सही लागते. सोमवारी सायंकाळी पाचला मुदत संपते. दुरुस्तीचा कागद गिरगावात सबनीस सरांच्या टेबलावर आहे, कार्यालय सकाळी दहाला उघडते, आणि पेनही तिथेच मिळते. कागदावर साक्षीदाराने आपले संपूर्ण नाव लिहायचे आहे, त्याखाली हुद्दा, आणि त्याखाली एका लहानशा रकान्यात आपल्या सध्याच्या साहेबांचे नाव व दूरध्वनी क्रमांक.